बोलपट आला, सोबत गूं आवाजही आला : 'प्रभात'चे दामलेमामा आणि व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची गोष्ट

धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात तेरणा नदीवर माकणी नावाचं गाव आहे. निम्न तेरणाच्या धरणामुळे ते आसपासच्या जिल्ह्यांतही ओळखीचं आहे. माकणी घ्या नाहीतर मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या, सप्ताह बसला की एक गोष्ट हमखास होते. टाळकरी उभे राहतात, बुवा माईकसमोर येतात, साउंडवाला ॲम्प्लिफायर सुरू करतो आणि पहिल्यांदा ऐकू येतो तो एक लांबलचक गूं... असा आवाज. मग कोणीतरी वायर हलवतं, कोणीतरी पिन उलटी लावून बघतं, तर कोणी पेटीवर थाप मारतं.

साउंडवाले याला हमिंग म्हणतात. गिटार वाजवणाऱ्या पोरांना तर ते चांगलंच ठाऊक असतं. त्यातही ज्यांनी हौसेने जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेतलाय, त्यांची अर्धी रात्र गिटार वाजवण्यात आणि अर्धी हमिंग शोधण्यात जाते.

पण ही डोकेदुखी आजची नाही. मराठी सिनेमा बोलायला लागला, त्या दिवसापासून ती सोबत आहे. आणि पहिल्या मराठी बोलपटाचा आवाज ज्यांनी सांभाळला, त्यांचं नाव विष्णुपंत गोविंद दामले. 'संत तुकाराम'चे दिग्दर्शक म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याआधी ते कानात तेल घालून यंत्रापाशी बसणारे ध्वनिमुद्रक होते, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतं.

पडदे रंगवणारा पोरगा

विष्णुपंतांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेणचा. तरुण वयात ते कोल्हापूरला पोचले. तिथे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोन चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. चित्रकलेमुळे लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि पुढे तेच आडनाव झालं. दामले त्यांच्याकडे शिकायला राहिले.

या दोन भावांना सिनेमाचं वेड होतं. त्या काळात कॅमेरा विलायतेतून यायचा आणि त्याची किंमत आवाक्याबाहेरची होती. मग आपणच कॅमेरा बनवायचा, असं आनंदरावांनी ठरवलं. पण ते काम पूर्ण होण्याआधीच १९१६ साली आनंदराव गेले. अर्धवट राहिलेला कॅमेरा बाबूरावांनी पुढे नेला, आणि या कामात त्यांच्या हाताखाली होते दामले. हातात ब्रश धरणारा हा माणूस आता स्क्रू, दात्यांची चाकं आणि भिंगांच्या नादी लागला.

कोल्हापुरातच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' आला. दामले कंपनीत हरहुन्नरी माणूस म्हणून वावरत होते. पडदे आणि नेपथ्य, कॅमेरा, यंत्रांची देखभाल, सगळीकडे त्यांचा हात असायचा. तिथेच त्यांची जोडी जमली एस. फत्तेलाल यांच्याशी. कंपनीतले लोक एकाला दामलेमामा म्हणायचे आणि दुसऱ्याला साहेबमामा. १९२८ साली या जोडीने 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला.

पाच जणांची कंपनी आणि अचानक बदललेला खेळ

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. मूकपट निघू लागले, ते चालूही लागले.

आणि दोन वर्षांत खेळच बदलला. १४ मार्च १९३१ ला मुंबईत मॅजेस्टिक थिएटरला 'आलम आरा' लागला. सिनेमा बोलायला लागला, गायला लागला. लोकांची झुंबड उडाली.

हा सिनेमा कसा बनला, तेही बघण्यासारखं आहे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसा गाड्यांचा आवाज माईकमध्ये शिरायचा, म्हणून बरंचसं शूटिंग रात्री उरकावं लागलं. म्हणजे बोलपटाच्या पहिल्या दिवसापासून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. आवाज पकडणं सोपं आहे, नको असलेला आवाज बाहेर ठेवणं अवघड आहे.

प्रभातसमोर आता दोनच रस्ते होते. बोलपट करायचा, नाहीतर दुकान बंद करायचं. बोलपट करायचा तर लाखमोलाचा प्रश्न होता की आवाजाच्या यंत्रापाशी बसणार कोण? कंपनीत चित्रकार होते, दिग्दर्शक होते, छायाचित्रकार होते. ध्वनिमुद्रण मात्र कोल्हापुरात कोणी केलेलंच नव्हतं. जबाबदारी आली दामल्यांवर. एकेकाळी अर्धवट कॅमेरा पुरा करायला मदत करणारा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी झाला.

माईक आणि फिल्मच्या मध्ये काय असतं?

दामल्यांना काय शिकावं लागलं असेल, हे कळण्यासाठी त्या यंत्रात डोकावून बघू.

नट बोलतो. माईक त्या आवाजाची वीज बनवतो. ही वीज इतकी अशक्त असते की तिच्यात काहीच ताकद नसते. तिला हजारो पटींनी मोठं करावं लागतं. हे काम करतो ॲम्प्लिफायर, आणि त्या काळात ॲम्प्लिफायर म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह. मोठी झालेली ही वीज एका प्रकाशझोताला कमी-जास्त करते आणि तो झोत फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी छापत जातो. ती पट्टी म्हणजे सिनेमाचा आवाज.

आता गंमत बघा. ॲम्प्लिफायरला चांगला आवाज आणि वाईट आवाज यातला फरक कळत नाही. त्याच्या तोंडाशी जे येईल ते तो मोठं करतो. नटीचा सूरही मोठा होतो आणि कोपऱ्यातून शिरलेली वीजसुद्धा.

आपल्याकडच्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. हा हेलकावा ॲम्प्लिफायरमध्ये शिरला की तो खोल गूं असा ऐकू येतो. तो शिरण्याचे रस्ते बरेच आहेत.

पहिला रस्ता व्हॉल्व्हच्या आतून जातो. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये एक बारीक तार तापत असते. तिला तापवायला थेट घरातली हेलकावणारी वीज दिली, तर ती शेजारच्या नाजूक भागात मिसळते. म्हणून या तापवणाऱ्या दोन वायरी वेणीसारखा पीळ घालून नेतात. मग एकीचा परिणाम दुसरी खोडून काढते.

दुसरा रस्ता पॉवर सप्लायचा. व्हॉल्व्हला काही शे व्होल्टची सरळ वीज लागते. हेलकावणारी वीज सरळ करताना तिच्यात सेकंदाला १०० लाटा उरतात. त्या लाटा सपाट करायला मोठे फिल्टर कंडेन्सर बसवतात. ते वाळले, जुने झाले की लाटा तशाच पुढे जातात.

तिसरा रस्ता अर्थिंगचा. दोन यंत्रं दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केली आणि मध्ये माईकची वायरही जोडली, की वायरींचं एक मोठं कडं तयार होतं. आसपासची वीज त्या कड्यात खेळायला लागते. म्हणून सगळे अर्थ एकाच ठिकाणी आणून बांधायचे असतात.

चौथा रस्ता शेजाऱ्यांचा. ट्रान्सफॉर्मरच्या भोवती चुंबकीय क्षेत्र असतं. माईकची वायर त्याच्या अगदी जवळून नेली तर ती गूं उचलते.

यावर त्या काळी एक रामबाण उपाय होता, बॅटरी. बॅटरीची वीज मुळातच सरळ असते, तिच्यात हेलकावा नसतो. म्हणून सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणात बॅटऱ्यांचा मोठा वापर व्हायचा. पण बॅटऱ्या जड, त्या भरत राहायच्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. शांतता फुकट मिळत नव्हती.

तेव्हा चुकायला जागाच नव्हती

आज रेकॉर्डिंगमध्ये गूं आली तर कम्प्युटरवर ती बऱ्यापैकी पुसता येते. १९३२ साली असं काही नव्हतं. फिल्मवर जे छापलं गेलं ते कायमचं. फिल्म विकत आणलेली, तीही महाग. बिघाड कळायचा तो फिल्म धुऊन झाल्यावर.

त्यात पार्श्वगायन ही गोष्ट अजून आलेली नव्हती. नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करतानाच गायचा. पेटीवाला, तबलजी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसायचे. माईकही कुठेतरी लपवलेला. म्हणजे अभिनय, गाणं, वाद्यं आणि यंत्र, सगळं एकाच वेळी बरोबर जमायला हवं. गाणं सुरेख झालं पण आवाजात गूं राहिली, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

आणि खरी परीक्षा थिएटरात व्हायची. तिथे पुन्हा व्हॉल्व्हचाच ॲम्प्लिफायर असायचा. स्टुडिओत कानाला जेमतेम जाणवलेली गूं हजार माणसांच्या हॉलमध्ये भुंग्यासारखी घुमायची. प्रोजेक्टरमध्ये फिल्मवरची आवाजाची पट्टी वाचायला एक छोटा दिवा असतो. त्यालाही सरळ वीजच द्यावी लागते. हेलकावणारी दिली तर दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा थरथरतो आणि स्पीकर गुणगुणायला लागतो.

त्यामुळे ध्वनिमुद्रकाचं काम उलट्या मोजमापाचं होतं. कॅमेरामनचं काम पडद्यावर दिसतं, गायकाचं ऐकू येतं. ध्वनिमुद्रकाने मात्र जितकं चोख काम केलं, तितकं ते कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ती त्याची चूक.

सगळ्यात जुना आवाज

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. दिग्दर्शक शांताराम, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत केला होता. ध्वनिमुद्रक दामले.

हा पहिला मराठी बोलपट. पण गोष्ट इथे संपत नाही. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. सुरुवातीचे कितीतरी बोलपट असेच नष्ट झाले. 'अयोध्येचा राजा' मात्र टिकला, आणि आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना भारतीय बोलपट म्हणून तोच ओळखला जातो. म्हणजे भारतीय बोलपटाचा जो सगळ्यात जुना आवाज आज आपण ऐकू शकतो, तो दामल्यांनी कोल्हापुरात पकडलेला आहे.

इतक्या जुन्या फिल्मवर आज खरखर ऐकू येणारच. नव्वदहून जास्त वर्षांची धूळ आणि ओरखडे त्या पट्टीवर बसलेत. तरीही त्या खरखरीच्या पलीकडून टेंब्यांचा सूर आणि दुर्गाबाईंचे शब्द कळतात, यातच सगळं आलं.

पुणे आणि तुकोबा

१९३३ साली प्रभातने कोल्हापूर सोडलं आणि पुण्यात मोठा स्टुडिओ बांधला. आज ज्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ती जागा. पुण्याच्या प्रभात रोडला नाव मिळालं ते याच कंपनीवरून.

१९३६ साली दामले आणि फत्तेलाल या जोडीचा 'संत तुकाराम' आला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, गौरी झाली जिजाई, पटकथा शिवराम वाशीकरांची आणि संगीत केशवराव भोळ्यांचं. मुंबईत हा सिनेमा एकाच थिएटरात वर्षाहून जास्त काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट.

या सिनेमाचा जीव आहे तो अभंगांत. भजनात शब्द कळला नाही तर उरतं काय? पागनीस गातात ते रियाज दाखवायला नाही, समोरच्याला काहीतरी सांगायला. एक किस्सा तर प्रसिद्धच आहे. यातलं एक गीत शांताराम आठवले यांनी अभंगाच्या चालीत नव्याने लिहिलं होतं. ते ऐकून भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला आणि लोक गाथेत शोधायला लागले. शब्द इतका स्वच्छ कानावर पडला आणि इतका आत गेला, म्हणूनच हे घडू शकलं.

जो माणूस आधी चार वर्षं आवाज कसा पोचतो याचाच विचार करत होता, त्याने दिग्दर्शक म्हणून असा सिनेमा करावा, हा काही योगायोग नाही. दामल्यांच्या तुकोबाभोवती गर्दीचा गोंगाट कमी आहे आणि साधेपणा जास्त आहे. पुढे याच जोडीने 'गोपाल कृष्ण' आणि १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' केला. प्रभातचे संतपट गावोगाव गेले. जिथे वीज नव्हती तिथे फिरत्या टॉकीजवाल्यांनी तंबू ठोकले, इंजिनावर वीज तयार केली आणि लोकांनी नारळ फोडून सिनेमे पाहिले.

आजच्या गिटारवाल्याला यातून काय मिळतं?

व्हॉल्व्ह सिनेमातून गेले, रेडिओतून गेले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र ते टिकून राहिले, कारण वाजवणाऱ्यांना त्यांचा उबदार आवाज सोडवत नाही. व्हॉल्व्ह राहिले तशी हमिंगही राहिली, आणि ती शोधायची रीतही तीच राहिली. घाईघाईत पार्ट बदलत सुटायचं नाही, एकेक रस्ता बंद करत जायचं.

पहिल्यांदा गिटारची वायर काढा. गूं गेली तर दोष ॲम्प्लिफायरचा नाही, गिटारचा किंवा वायरीचा आहे. गिटार हातात घेऊन जागेवर फिरलं की गूं कमी-जास्त होत असेल, तर पिकअप जवळच्या एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र उचलतोय.

वायर काढूनही गूं राहिली तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. ती गेली तर दोष व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात आहे. पहिला छोटा व्हॉल्व्ह बदलून बघण्यासारखा आहे, कारण तिथे शिरलेली गूं पुढे सगळ्यात जास्त मोठी होते. ती तशीच राहिली तर दोष पुढच्या भागात किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे.

मग कान लावा. ५० ची गूं खोल असते, १०० ची तिच्या बरोबर एक सप्तक वर. खोल असेल तर तापवणाऱ्या तारा किंवा अर्थिंग बघायचं. वरची असेल तर फिल्टर कंडेन्सरवर संशय घ्यायचा, किंवा शेवटच्या जोडीतले दोन व्हॉल्व्ह एकमेकांशी जुळत नाहीत का ते तपासायचं. गाणाऱ्याचा कान असेल तर इथे मीटरच्या आधी उत्तर मिळतं.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. गूं घालवायला प्लगची अर्थची पिन तोडायची नाही. गूं जाईलही, पण एखाद्या दिवशी बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांतून थेट वाजवणाऱ्याच्या हातात येईल. आणि प्लग काढला म्हणून पेटी लगेच उघडायची नाही. बंद ॲम्प्लिफायरच्या कंडेन्सरमध्ये काही शे व्होल्ट साठलेले राहतात, ते माणसाचा जीव घेऊ शकतात. आतलं काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यायचं.

मूक नायक

१९४२ साली शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. कंपनीचे सोन्याचे दिवस ओसरायला लागले होते. ५ जुलै १९४५ ला पुण्यात विष्णुपंत दामले गेले. वय होतं ५२. पुढे काही वर्षांत प्रभातही बंद पडली. १९६० साली त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि ज्या जागेत दामले स्वतःच्या कानावर भरवसा ठेवून शिकले होते, तिथे पोरं रीतसर ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घ्यायला लागली.

बऱ्याच वर्षांनी त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्याचं नाव ठेवलं होतं 'बोलपटांचा मूक नायक'. आवाज सांभाळणाऱ्या माणसाला याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

गावाकडच्या सप्ताहात आजही ॲम्प्लिफायर सुरू होतो, गूं येते, साउंडवाला पेटीमागे वाकतो, एक वायर काढून दुसरीकडे लावतो आणि अचानक सगळं शांत होतं. मग बुवांचा पहिला शब्द मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत स्पष्ट पोचतो. टाळ्या बुवांना मिळतात. पेटीमागे वाकलेल्या त्या माणसाकडे कोणी बघत नाही. दामलेमामांनी कोल्हापुरात जे काम हातात घेतलं होतं, तेच तो करत असतो.